सेल्फ मारण्याआधी नव्या टर्बोला तेल पाजा

वाचकाचे पत्र : माझ्याकडे ६ वर्षे जुनी डिझेल पिकअप आहे. नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो पोचवतो आणि परतताना रिकामे क्रेट व पशुखाद्याची पोती घेऊन माळशेज घाट चढून येतो. चार महिन्यांपूर्वी टर्बो गेला म्हणून नवा बसवला. अकराव्या दिवशी शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि मागून निळा धूर येऊ लागला. दुकानदाराने टर्बो उघडून सांगितले की याला ऑइल मिळालेले नाही, त्यामुळे वॉरंटी लागू होणार नाही. उसनवारी करून दुसरा नवा टर्बो आणला आहे. आमचा मेकॅनिक म्हणतो की इंजिन सुरू झाले की ऑइल आपोआप वर चढते, वेगळे काही करावे लागत नाही. दुसरा म्हणतो, आधी टर्बोत ऑइल भरल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. तिसऱ्याने बुशला ग्रीस लावायला सांगितले. कोणाचे ऐकावे? गाडी उभी आहे आणि हंगाम चालू आहे.

उत्तर :

आपले पत्र वाचले. हंगामात गाडी उभी राहणे म्हणजे काय असते याची मला पूर्ण कल्पना आहे, तरीही एक विनंती करतो. हे उत्तर शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत नव्या टर्बोचे खोके उघडू नका. आपला दुसरा मेकॅनिक बरोबर सांगत आहे. नवा टर्बो तेलाने भरल्याशिवाय आणि इंजिनाच्या पंपाचे तेल त्याच्यापर्यंत पोचल्याची डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. मात्र आधीचा नवा टर्बो अकरा दिवसांत गेला, यावरून मला दुसरी शंका येते. केवळ बसवताना तेल घातले नाही एवढेच कारण असते, तर इजा पहिल्याच दिवशी झाली असती आणि बहुधा आवाजही लवकर आला असता. अकरा दिवस तग धरून मग टर्बोतला फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, सैल होणे हे तेल अजिबात न मिळाल्यापेक्षा रोज थोडे कमी मिळाल्याचे लक्षण अधिक वाटते. म्हणून आपल्याला दोन कामे करायची आहेत. टर्बोला सुरुवातीचे तेल पाजायचे आहेच, पण त्याआधी तेलाची वाट मोकळी आहे की नाही हे तपासायचे आहे.

तेलाला एवढे महत्त्व का, हे समजून घेतले तर पुढची खटपट कंटाळवाणी वाटणार नाही. टर्बोच्या एका बाजूला सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराने फिरणारे टर्बाइनचे चाक असते, दुसऱ्या बाजूला हवा दाबून इंजिनात पाठवणारे कंप्रेसरचे चाक असते आणि दोन्ही एकाच बारीक शाफ्टवर बसवलेली असतात. आपल्या पिकअपसारख्या लहान डिझेल इंजिनात हा शाफ्ट पूर्ण लोडवर मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो; इंजिन नुसते आयडलिंगला असतानाही त्याचे फेरे हजारोंनी मोजावे लागतात. बहुतेक टर्बोंमध्ये या शाफ्टला बॉल बेअरिंग नसते. तो पितळी रंगाच्या तरंगत्या बुशमध्ये, म्हणजे नळीसारख्या कड्यात, फिरतो आणि शाफ्ट व बुश यांच्यामध्ये माणसाच्या केसाहून पातळ असा तेलाचा थर असतो. तो थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. शिवाय टर्बाइनकडून येणारी उष्णता वाहून नेण्याचे कामही हेच तेल करते. म्हणजे तेल थांबले की शाफ्टचा आधार आणि त्याचे थंड राहणे, दोन्ही एकाच वेळी जाते.

इंजिन सुरू झाले की तेल आपोआप चढते, हे आपल्या मेकॅनिकचे म्हणणे खोटे नाही. ते अपुरे आहे. तेल चढते, पण किती वेळाने? आपण ऑइल फिल्टर नवा बसवला असेल तर पंपाला आधी तो रिकामा फिल्टर भरावा लागतो, मग ब्लॉकमधल्या वाटा, मग टर्बोकडे जाणारा रिकामा पाइप आणि सर्वांत शेवटी टर्बो. जुन्या, चालत्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये आधीच्या तेलाचा ओलावा उरलेला असतो. खोक्यातून आलेल्या टर्बोत फार तर गंज लागू नये म्हणून लावलेला तेलाचा हात असतो. इंजिनाने पहिला ठोका दिल्याबरोबर धूर टर्बाइनवर जातो आणि शाफ्ट त्याच क्षणी फिरू लागतो. तो तेलाची वाट पाहत नाही. मधल्या त्या काही सेकंदांत शाफ्ट कोरड्या बुशवर घासतो आणि बुशच्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर चरे पडतात. नंतर कितीही उत्तम तेल मिळाले तरी ते चरे भरून येत नाहीत.

ग्रीसचा सल्ला मात्र पूर्णपणे बाजूला ठेवा. बुशमधली तेलाची छिद्रे फार बारीक असतात. घट्ट ग्रीस त्यांत जाऊन बसले तर ज्या तेलाची आपण वाट मोकळी करतो आहोत, त्यालाच आपण अडवतो. टर्बोत फक्त तेच स्वच्छ इंजिन ऑइल घालावे, जे आपण इंजिनात भरणार आहात.

आता तेलाच्या वाटेकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या दुखण्याचे मूळ तिथे असण्याचा संभव जास्त आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे नऊ दिवसांत गेलेला एक नवा टर्बो आला होता. उघडल्यावर शाफ्टवर बुशच्या जागी मोराच्या पिसासारखी निळी-जांभळी झाक दिसली. पोलाद अतिशय तापले की असा रंग चढतो, त्यामुळे तेल मिळाले नव्हते हे स्पष्ट होते. पण बसवणारा कारागीर चांगला होता. त्याने टर्बोत तेल घातले होते, फिल्टरही बदलला होता. फक्त टर्बोकडे तेल नेणारा धातूचा बारीक पाइप जुनाच ठेवला होता. डिझेलने धुऊन, हवा मारून तो बाहेरून लखलखीत केला होता आणि हवा पलीकडून येतही होती. मी तो पाइप हॅक्सॉने मधोमध उभा चिरला. आत सर्व बाजूंनी काळा, कडक कोळसा धरला होता आणि मध्ये उदबत्तीच्या काडीएवढी वाट शिल्लक होती. आयडलिंगला तेवढे तेल पुरत असावे. भरल्या गाडीने चढ चढताना ते पुरले नाही. तो अर्धा पाइप मी पुढे बरीच वर्षे बाकावर ठेवला होता आणि जुना पाइप चालेल का, असे विचारणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो देत असे.

तेव्हा ऑइल फीडचा पाइप नवा घ्या. टर्बोच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. त्याच्या टोकाचा पोकळ बोल्ट, ज्याला आपण बँजो बोल्ट म्हणतो, काढून उजेडात धरून पाहा. काही इंजिनांत त्या बोल्टमध्ये किंवा त्याच्या जागेजवळ एक बारीक जाळी असते आणि गाळ तिथेच साचतो. तांब्याचे वॉशर नवे वापरा. फीडच्या फ्लँजला गास्केट असेल तर ते बसवण्यापूर्वी छिद्रावर धरून पाहा, कारण चुकीच्या मापाचे गास्केट छिद्र अर्धे झाकून बसते आणि बाहेरून काहीच कळत नाही. या जागी सिलिकॉन किंवा कोणताही गास्केट सोल्युशन लावू नका. घट्ट करताना तो आतल्या बाजूला फुगून येतो, त्याचा तुकडा सुटतो आणि तेलाच्या छिद्रात अडकतो.

परतीच्या पाइपकडे लोक कमी लक्ष देतात. टर्बोत तेल दाबाने जाते, पण परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, ते केवळ स्वतःच्या वजनाने उतरते. म्हणूनच तो पाइप जाड असतो आणि शक्य तितका सरळ खाली जाणारा असावा लागतो. तो दबला, मुरगळला किंवा आतून चिकटला असेल, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरले असेल किंवा इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी वाट, तुंबून चेंबरमध्ये दाब वाढला असेल, तर तेलाला उतरायला जागा मिळत नाही आणि ते टर्बोच्या दोन्ही टोकांनी बाहेर येते. टर्बोतले सील रबराचे नसतात. ते पिस्टन रिंगसारखे धातूचे बारीक कडे असते आणि साचलेले तेल अडवून धरणे हे त्याचे काम नव्हे. नवा टर्बो पहिल्या दिवसापासून धूर देतो, अशा तक्रारींत दोष टर्बोचा नसून या परतीच्या वाटेचा असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलणे वेगळे सांगायला नको. पहिल्या दोन टर्बोंच्या बुशची झीज त्याच तेलात गेलेली आहे. जुने तेल काढताना ते हातावर घेऊन उन्हात पाहा. त्यात सोनेरी चकचक दिसली किंवा डांबरासारखा घट्ट गाळ आला, तर चेंबर उतरवून पंपाची जाळीसुद्धा साफ करून घ्या. तेवढा एक दिवस गाडी उभी राहिली तरी चालेल. तेलाचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तोच घ्या, आणि गाडी बीएस-६ असेल तर त्याबाबत तडजोड करू नका, कारण धुराच्या फिल्टरला चालणारे तेल वेगळे असते.

वाट मोकळी झाली की मग तेल पाजण्याचे काम. हात धुऊन, स्वच्छ फडक्यावर टर्बो असा ठेवा की तेल आत जाण्याचे छिद्र वर येईल. छिद्रांवरचे प्लॅस्टिकचे बुच त्या त्या वेळीच काढा, पण मोजून काढा. परतीच्या छिद्रातला बुच आतच राहिल्याने नवा टर्बो वाया गेल्याचे उदाहरण मला माहीत आहे. टर्बो उचलताना ॲक्च्युएटरच्या, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या भागाच्या, दांडीला धरू नका. आता कंप्रेसरचे चाक बोटाने हलकेच फिरवा, त्याच्या नटावर पाना लावू नका. कोरडा शाफ्ट सुळकन फिरतो आणि आडवा हलवला तर किंचित खडखडतो. हे पाहून घाबरू नका. ती फट तेलासाठीच ठेवलेली असते. शाफ्ट पुढे-मागे ओढला तर मात्र हाताला जाणवेल अशी हालचाल नसावी आणि चाक कुठेही बाहेरच्या कवचाला घासू नये.

ऑइल कॅनने वरच्या छिद्रात सावकाश तेल सोडा आणि एकीकडे चाक फिरवत राहा. किती मिली घालावे, असे लोक हमखास विचारतात. साधारण ५० ते १०० मिलीत काम होते, पण खूण आकड्याची नाही. थोडे तेल गेले की चाकाच्या फिरण्यात फरक पडतो. मघाचा सुळकन सुटणारा शाफ्ट जरा जड, मऊ फिरू लागतो आणि खडखड कमी होते. खालच्या छिद्रातून तेल बाहेर येऊ लागले की ते बुशपर्यंत पोचून पलीकडे गेले असे समजा. कंप्रेसरच्या तोंडात किंवा टर्बाइनच्या बाजूला तेल ओतायचे नाही, तिथे त्याचे काही काम नाही. नवा ऑइल फिल्टर उभा बसणारा असेल तर तोही तेलाने भरूनच लावा.

टर्बो इंजिनावर चढवल्यावर, फीडचा पाइप जोडण्यापूर्वी, वरच्या छिद्रात पुन्हा तेल भरा, कारण बसवण्याच्या झटापटीत आधीचे बरेचसे गळून गेलेले असते. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असून नेमकी तीच घाईत गाळली जाते. फीडचा पाइप इंजिनाच्या बाजूने पक्का करा, टर्बोच्या बाजूचे टोक मोकळे ठेवून एका स्वच्छ बाटलीत सोडा आणि इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून सेल्फ मारा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर असावी, किल्लीवर एक माणूस आणि पाइपाशी दुसरा असावा, इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याजवळ कोणाचाही हात किंवा उपरण्याचे टोक नसावे. एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर थांबा, नाही तर टर्बो वाचवताना स्टार्टर जळेल. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. पाइपातून आधी फुसफुसत हवा येईल, मग बुडबुड्यांसह थेंब पडतील आणि मग तेलाची धार लागेल. ती धार अखंड, बुडबुड्यांशिवाय पडते आहे का, हे मन लावून पाहा. ती दोऱ्यासारखी बारीक किंवा तुटक येत असेल, तर आपल्या आधीच्या टर्बोच्या मरणाचे कारण आपल्यासमोर आहे. तिथेच थांबा आणि अडथळा शोधा. धार चांगली असेल तर पाइप टर्बोला जोडा आणि शक्य असेल तर परतीचा पाइप मोकळा ठेवून पुन्हा थोडा वेळ सेल्फ मारा. टर्बोतून फिरून खाली उतरणारे तेल दिसले, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझला, की सगळे पाइप पक्के करा.

इंजिन सुरू होऊ द्यायचे नाही ते कसे, हे गाडीवर अवलंबून आहे. जुन्या पंपाच्या इंजिनात स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या झडपेची, वायर काढली की काम होते. आपली गाडी ६ वर्षांची म्हणजे कॉमन रेलची आहे, ज्यात सर्व इंजेक्टरना एकाच नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल मिळते. तिथे इंधनाचा रिले किंवा फ्यूज काढणे किंवा इंजेक्टरचे कनेक्टर सोडवणे असे मार्ग असतात आणि आपल्या मॉडेलला त्यांपैकी कोणता चालतो ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून ठरवावे. कनेक्टर काढल्याने चेक इंजिनचा दिवा लागला तर तो नंतर स्कॅनरने घालवता येतो. मात्र कोणत्याही परिस्थितीत इंजेक्टरकडे जाणारे डिझेलचे पाइप ढिले करून सेल्फ मारू नका. कारच्या चाकात हवेचा दाब २ बारच्या आसपास असतो. कॉमन रेलमध्ये डिझेल १,६०० बार आणि त्याहूनही अधिक दाबावर असू शकते. तेवढ्या दाबाची बारीक फवारणी कातडीतून आत शिरते आणि बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. जुन्या इंजिनांवर हवा काढण्यासाठी पाइप ढिले करण्याची सवय असलेल्या मंडळींना हे आवर्जून सांगा.

सुरू करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. दोन टर्बो गेल्यानंतर आपल्या इंटरकूलरमध्ये (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत) आणि हवेच्या होज पाइपांमध्ये नक्कीच तेल साचलेले असणार, कदाचित चाकाचे कणही असतील. ते सर्व उतरवून धुऊन, पूर्ण वाळवून मगच जोडा. साचलेले तेल हवेबरोबर इंजिनात ओढले गेले तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळू लागते, फेरे वाढतच जातात आणि किल्ली बंद करूनही ते थांबत नाही. तसे झालेच, तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन दमून बंद पडते. हवेच्या तोंडावर हात किंवा फडके धरण्याचा प्रयत्न करू नये. एअर फिल्टर नवा लावा आणि त्याच्या पेटीत सुटलेला नट किंवा वॉशर पडलेला नाही ना, हेही पाहा.

आता इंजिन सुरू करा आणि तीन-चार मिनिटे फक्त आयडलिंगवर ठेवा. रेस देऊन टर्बोचा आवाज ऐकण्याचा मोह सर्वांनाच होतो; त्या वेळी पाय ॲक्सिलरेटरपासून दूर असलेलाच बरा. सुरुवातीला थोडा निळसर-पांढरा धूर येईल. सेल्फ मारताना टर्बोत धुराचा व हवेचा दाब नव्हता, त्यामुळे थोडे तेल सीलमधून टर्बाइनच्या बाजूला उतरलेले असते आणि आता ते जळते. काही मिनिटांत हा धूर कमी होत गेला तर चिंता नाही. तो तसाच राहिला किंवा वाढला तर परतीचा पाइप पुन्हा तपासा. फीड आणि परतीच्या जोडांवर टॉर्च मारून गळती बघा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा आणि कमी झालेले तेल भरा. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, जवळपासची काढा.

आपल्या रस्त्याविषयीही बोलले पाहिजे, कारण पाइपात कोळसा धरतो तो काही उगाच नाही. माळशेज चढून आल्याबरोबर चहाच्या टपरीवर गाडी लावून लगेच किल्ली फिरवली, की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बाइनची सगळी उष्णता टर्बोत व पाइपात थांबलेल्या तेलावर येते. ते तेल तिथेच करपते. असे रोज झाले की थरावर थर चढतो. घाट संपल्यावर शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश या आणि थांबल्यावर दोन मिनिटे इंजिन आयडलिंगला राहू द्या. तेवढ्या वेळात क्रेटचे दोर तपासून होतात.

वॉरंटीबद्दल : तेल मिळाले नाही, हे दुकानदाराचे निदान मला खरे वाटते. पण ते का मिळाले नाही, याचे उत्तर त्यात येत नाही, आणि बसवणाऱ्याने जुना पाइप तसाच वापरला असेल तर तो प्रश्न आपण त्याला विचारला पाहिजे. या वेळी ऑइल, फिल्टर, पाइप आणि वॉशर यांची बिले जपून ठेवा आणि बाटलीत पडणाऱ्या धारेचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. आपला जुना फीड पाइप अजून गॅरेजमध्ये पडलेला असेल तर भंगारात देऊ नका. तो मधोमध चिरा आणि आत काय निघाले ते मला कळवा. आत कोळसा मिळाला तर आपण योग्य जागी हात घातला आहे. पाइप आतून स्वच्छ निघाला तर मात्र नवा टर्बो चढवण्याआधी ऑइलचा दाब गेज लावून मोजून घ्या, कारण मग दोष पंपात किंवा चेंबरच्या जाळीत शोधावा लागेल.